डॉट इनची नोंद: कोण सांभाळतं आणि बिघडते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात दुकानदारांच्या वेबसाइट बनवून देणाऱ्या एकाच्या इतवारीतल्या ग्राहकाची डॉट इन साइट अचानक बंद पडली. व्हूइजमध्ये, म्हणजे नावाची नोंद दाखवणाऱ्या सार्वजनिक यादीत, मुदत पुढच्या वर्षाची दिसते, तरी साइट उघडत नाही. नाव ज्याच्याकडून घेतलं तो फोन उचलत नाही. थेट सरकारकडे तक्रार करता येईल का, डॉट इन मुळात चालवतं कोण, आणि आता देवनागरीतलं डॉट भारतही घेऊन ठेवावं का?

मुदतीपासून सुरुवात करतो, कारण तिथे रोज एकेक दिवस हातातून जातोय. मुदत संपली म्हणून रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट इन नावांची मूळ नोंद ठेवणारी संस्था, नाव लगेच काढत नाही. ती आपणहून एक वर्ष पुढे ढकलते आणि त्याचे पैसे रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यातून वळते करते. त्यानंतर रजिस्ट्रारला ४५ दिवसांची सवलत असते. तेवढ्यात ग्राहकाने पैसे दिले नाहीत, तर रजिस्ट्रार नाव डिलीट करतो आणि रजिस्ट्रीकडून आपले पैसे परत मिळवतो. म्हणजे व्हूइजमधली पुढच्या वर्षाची तारीख खोटी नाही, पण ती तुमच्या ग्राहकाने पैसे भरल्याची पावतीही नाही. दरम्यान रजिस्ट्रारने नेमसर्व्हर, म्हणजे साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर, बदलून आपल्या जाहिरातीच्या पानाकडे वळवलेले असतात किंवा नाव होल्डवर टाकलेलं असतं, म्हणून साइट दिसत नाही. व्हूइजमध्ये तारखेच्या आसपास जी स्टेटसची ओळ असते ती वाचा. तिथे 'ऑटो रिन्यू पिरियड' असेल तर नेहमीच्या दरात काम होऊ शकतं. 'रिडेम्प्शन पिरियड' असेल तर नाव डिलीट झालेलं आहे, पण ३० दिवस परत मिळवता येतं. त्यासाठी रजिस्ट्री वेगळं आणि बरंच जास्त शुल्क घेते, त्यावर रजिस्ट्रार आपलं चढवतो. नुसतं 'पेंडिंग डिलीट' दिसलं तर पुढचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर नाव सगळ्यांसाठी खुलं होतं. चांगलं नाव असेल तर ते त्या क्षणी पकडायला टपलेली यंत्रं असतात. माणसाने बसून ते मिळवण्याची आशा धरू नये.

ते ४५ दिवस रजिस्ट्रारचे असतात, ग्राहकाचे नव्हेत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. रजिस्ट्रारला वाटलं तर तो आधीही डिलीट करू शकतो, तसं त्याच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. त्यामुळे आजच फोन करा, आणि तोही योग्य माणसाला. तुम्ही ज्याला नाव विकणारा समजता तो बहुतेक वेळा रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारच्या वतीने विकणारा मधला माणूस, असतो. व्हूइजमध्ये 'रजिस्ट्रार' म्हणून जिचं नाव येतं ती खरी कंपनी. रिसेलर गायब झाला तरी नोंद रजिस्ट्रारकडे जिवंत असते, आणि रजिस्टर्ड ईमेल ग्राहकाचा असेल तर रजिस्ट्रार थेट त्याच्याशी बोलतो. ईमेल रिसेलरचा असेल तर मग जीएसटीची कागदपत्रं, जुनी बिलं, लेटरहेडवर अर्ज असा लांबचा रस्ता आहे. बहुतेक भांडणांचं मूळ याच एका रकान्यात असतं.

आता हे चालवतं कोण. दोन अक्षरी देशांची नावं आयएसओ ३१६६ या यादीतून येतात, आणि त्या नावाची जबाबदारी कोणाकडे याची नोंद जागतिक पातळीवर आयएना ही संस्था ठेवते. १९९४ च्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात जॉन पोस्टेल यांनी तत्त्व घालून दिलं की देशाच्या नावाचा व्यवस्थापक मालक नसून विश्वस्त असतो. डॉट इन १९८९ मध्ये आलं. पहिली बरीच वर्षं ते मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होतं. नियम कडक, कागदपत्रं फार. त्यामुळे २००४ संपेपर्यंत जेमतेम सात हजारांच्या घरात नावं होती, एवढ्या मोठ्या देशात. २००३ मध्ये निक्सी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली आणि २००५ पासून तिच्या अखत्यारीतली इनरजिस्ट्री डॉट इन सांभाळते. तेव्हाच धोरण बदललं: कोणीही, कुठूनही, मान्यताप्राप्त रजिस्ट्रारमार्फत नाव घ्यावं, आणि को डॉट इनच्या खाली न जाता थेट डॉट इनवरही घ्यावं. आज भारतीय नावं लाखोंच्या संख्येत आहेत, ती त्या एका निर्णयामुळे. काही खोल्या मात्र बंदच आहेत: गव्ह डॉट इन आणि निक डॉट इन एनआयसी या सरकारी माहिती केंद्राकडे, एसी डॉट इन, एज्यु डॉट इन आणि रेस डॉट इन शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं चालवणाऱ्या अर्नेटकडे, मिल डॉट इन सैन्यासाठी. बँक डॉट इन ही अलीकडची भर. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ते बँकांपुरतं राखून ठेवलं, नोंदणी फक्त रिझर्व्ह बँकेच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून होते, आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे जायला सांगितलं होतं. फसव्या बँक साइटवर हा उपाय मला फार मोलाचा वाटतो, कारण नावाच्या शेपटीवरूनच ग्राहकाला ओळख पटते.

नागपूरकरांना एक दाखला पटकन कळेल. नझुलच्या भूखंडावर घर बांधता, विकता, पोरांच्या नावे करता, पण ती जागा भाडेपट्ट्याची असते. पट्टा कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंत, हे दफ्तरातली नोंद ठरवते. डोमेनचं तसंच आहे. 'विकत घेतलं' असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात १ ते १० वर्षांसाठी वापराचा हक्क घेतलेला असतो. दफ्तर सांभाळणारी रजिस्ट्री, अर्ज स्वीकारणारा रजिस्ट्रार आणि नोंदीतलं नाव तुमच्या ग्राहकाचं, ज्याला रजिस्ट्रंट म्हणतात. रजिस्ट्री ग्राहकाशी सहसा थेट बोलत नाही, त्यामुळे 'सरकारकडे तक्रार' हा पहिला मार्ग नाही. रजिस्ट्रारने लेखी उत्तर दिलं नाही किंवा नियमाविरुद्ध वागला, तर इनरजिस्ट्रीकडे जाता येतं. सोबत तारीखवार पत्रव्यवहार, बिलं आणि व्हूइजची छायाचित्रं जोडावीत. नुसतं 'साइट बंद आहे' एवढं लिहून पाठवलेल्या तक्रारीचं काही होत नाही.

रजिस्ट्रीच्या आत तीन कामं चालतात. पहिलं, मुख्य डेटाबेस: कोणतं नाव, कोणत्या रजिस्ट्रारकडे, कधीपर्यंत, कोणते नेमसर्व्हर, काय स्टेटस. दुसरं, त्या डेटाबेसमधून झोन फाइल, म्हणजे सगळ्या नावांची आणि त्यांच्या नेमसर्व्हरची यादी, बनवून जगभरच्या नेमसर्व्हरवर पाठवणं. तिसरं, व्हूइज आणि त्याचा नवा अवतार आरडॅप यांतून ती माहिती दाखवणं. रजिस्ट्रार डेटाबेसशी बोलतो तो ईपीपी नावाच्या भाषेत: ७०० क्रमांकाच्या पोर्टवर, टीएलएस या सांकेतिकीकरणाने सुरक्षित केलेल्या वाटेवरून, स्वतःच्या प्रमाणपत्रासह, एक्सएमएल मजकुराने. आदेश मोजकेच आहेत. चेक, क्रिएट, रिन्यू, ट्रान्सफर, अपडेट, डिलीट, आणि माहितीसाठी इन्फो. उत्तरात आकडा येतो: १००० म्हणजे काम झालं, २३०२ म्हणजे नाव आधीच कोणाकडे आहे. २३०५ आला तर समजा, या नावावर दुसरं काहीतरी अवलंबून आहे, म्हणून काढता येणार नाही.

त्या २३०५ मागची गोष्ट वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. समजा धरमपेठेतल्या एखाद्या डिझायनरने स्वतःच्या डोमेनवर दोन नेमसर्व्हर काढले आणि पन्नास ग्राहकांची नावं त्यांच्याकडे वळवली. डिझायनरच्या डोमेनची मुदत संपली की ते होल्डवर जातं, झोनमधून उतरतं, आणि पन्नासही साइट काळ्या पडतात. त्या पन्नास जणांनी आपले पैसे वेळेवर भरलेले असतात, व्हूइज स्वच्छ दिसतं, स्टेटस 'ओके' असतो, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. तुमच्या ग्राहकाच्या बाबतीत मुदतीचं काही सापडलं नाही, तर पुढची तपासणी हीच: त्याच्या नेमसर्व्हरची नावं वाचा आणि ती ज्या डोमेनखाली आहेत, त्याची मुदत बघा. नेमसर्व्हर दोन वेगळ्या शेपटींखाली ठेवले, एक डॉट इनवर आणि एक डॉट नेटवर, तर एवढा सगळा डोलारा एका विसरलेल्या तारखेवर उभा राहत नाही. नेमसर्व्हर स्वतःच्याच डोमेनखाली असेल तर रजिस्ट्रीत त्याचा आयपी पत्ताही नोंदवावा लागतो. त्याला ग्लू म्हणतात. होस्टिंग बदलताना आपण साइटचा पत्ता बदलतो आणि हा ग्लू जुनाच राहतो. मग साइट कधी उघडते, कधी नाही.

'बदल व्हायला ४८ तास लागतात' हे वाक्य सगळे ऐकवतात, पण कारण कोणी सांगत नाही. रजिस्ट्रीचं काम बहुधा काही मिनिटांत होतं. उशीर होतो तो मधल्या रिझॉल्व्हरच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या, आठवणीमुळे. नागपुरातला मोबाइल आपल्या कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो. तो रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरला, विचारतो, मग डॉट इनला, मग तुमच्या नेमसर्व्हरला, आणि प्रत्येक उत्तर टीटीएल, म्हणजे ते जपायची ठरलेली मुदत, संपेपर्यंत जपून ठेवतो. डॉट कॉममध्ये नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोब्बर दोन दिवस आहे. ४८ तासांचं मूळ तिथे आहे. साइटच्या पत्त्याचा टीटीएल तुमच्या हातात असतो. स्थलांतराच्या दोन दिवस आधी तो ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हरच बदलायचे असतील तर रजिस्ट्रीचा टीटीएल तुम्हाला कमी करता येत नाही, म्हणून जुने आणि नवे दोन्ही नेमसर्व्हर किमान दोन दिवस सारख्याच नोंदींसह चालू ठेवा. सणासुदीच्या आठवड्यात हे काम काढू नका, हे वेगळं सांगायला नको. ईमेलच्या एमएक्स नोंदी नव्या ठिकाणी आधी उतरवून घ्या. साइट नीट उघडते म्हणून सगळं झालं असं वाटतं आणि ऑर्डरचे ईमेल मात्र हरवत असतात.

डीएनएससेक, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेची सुरक्षा, हा भाग सगळ्यात नाजूक आहे. यात झोनमधल्या प्रत्येक उत्तरावर डिजिटल सही असते, आणि तुमच्या किल्लीचा ठसा, म्हणजे डीएस नोंद, रजिस्ट्रीत ठेवलेला असतो. डीएनएस कंपनी बदलली, नव्या जागी नवी किल्ली आली आणि रजिस्ट्रीत जुना डीएस राहिला, तर सही जुळत नाही. मग सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवर साइट बंद, न तपासणाऱ्यावर चालू. एकाच दुकानात वायफायवर उघडत नाही आणि शेजारच्याच्या सिमवर उघडते, असं दिसलं की पहिला संशय डीएसचा घ्या. क्रम असा पाळायचा: आधी डीएस काढायचा, त्याचा टीटीएल संपेपर्यंत थांबायचं, मग नेमसर्व्हर बदलायचे, नव्या जागी सह्या बरोबर आहेत याची खात्री करायची, आणि शेवटी नवा डीएस टाकायचा. घाईने दोन पावलं एकत्र उचलणाऱ्याची साइट बसते. आणि रजिस्ट्रारचा पॅनेल डीएस टाकू देतो का, हे नाव घेण्याआधी बघा.

रजिस्ट्री स्वतः चुकते तेव्हा अख्खा देश गप्प होतो. १२ ऑक्टोबर २००९ ला स्वीडनच्या डॉट एसईमध्ये देखभालीच्या वेळी एका स्क्रिप्टने नोंदींच्या शेवटचा टिंब लावला नाही. त्या टिंबाशिवाय प्रत्येक नेमसर्व्हरच्या नावापुढे पुन्हा एसई चिकटलं आणि सगळ्या स्वीडनची नावं सापडेनाशी झाली. मे २०१० मध्ये जर्मनीच्या डॉट डीईची झोन फाइल अर्धवट कॉपी झाली आणि लाखो नावं जणू अस्तित्वातच नाहीत असं उत्तर जाऊ लागलं. जानेवारी २०२४ मध्ये रशियाच्या डॉट आरयूला डीएनएससेकच्या सह्यांनी असाच दणका दिला. तिन्ही ठिकाणी हल्लेखोर नव्हता, नेहमीचं काम चुकलं होतं. म्हणून चांगली रजिस्ट्री नवी झोन बाहेर सोडण्याआधी आदल्या झोनशी ताडून बघते: नावांची संख्या अचानक ठरावीक टक्क्यांपेक्षा घटली असेल, सह्यांची मुदत जवळ आली असेल, टिंब सुटला असेल, तर प्रकाशन थांबतं आणि माणूस बोलावला जातो. जुनी झोन दोन तास जास्त चालली तर फारसं कोणाचं बिघडत नाही. चुकीची झोन दोन मिनिटांत जगभर पोचते आणि रिझॉल्व्हरच्या आठवणीत तासन्‌तास राहते.

डॉट इनची तांत्रिक यंत्रणा निक्सी स्वतःच्या माणसांकडून चालवत नाही, त्यासाठी निविदा काढून कंपनी नेमली जाते. २००५ पासून ॲफिलियास, २०१९ मध्ये न्यूस्टार, २०२० मध्ये न्यूस्टारचा हा व्यवसाय गोडॅडीने घेतला, आणि पुढच्या निविदेत टुकोज ही कॅनडाची कंपनी निवडली गेली. कंपनी बदलते तेव्हा नोंदणी काही काळ गोठवतात: नवी नावं, नूतनीकरण, ट्रान्सफर सगळं बंद. डीएनएस मात्र एक क्षणही थांबत नाही. दोन्ही कंपन्यांचे नेमसर्व्हर काही दिवस बरोबर चालतात आणि रूटमधली नोंद टप्प्याटप्प्याने बदलते. अशा गोठवणीच्या सूचना रजिस्ट्रार आधी पाठवतात. त्या आठवड्यात मुदत येणारी नावं आधीच वाढवून घ्यावीत. आणि डेटाबेसची प्रत नियमितपणे त्रयस्थाकडे ठेवलेली असणं गरजेचं असतं, नाहीतर जुन्या कंपनीशी वाद झाला की देशाचं दफ्तर अडकून पडतं. यंत्रणा परदेशी कंपनीची असो वा देशी, नोंदींवरचा हक्क आणि सहीच्या किल्ल्यांवरचा ताबा करारात देशाकडे असायला हवा, हा मुद्दा मला कुठल्याही दरापेक्षा मोठा वाटतो.

वाढीबद्दल थोडं. नोंदणीचे आकडे फुगवणं सोपं आहे: पहिल्या वर्षाचा दर पाडला की नावं ढिगाने येतात, त्यात स्पॅम आणि फिशिंगवाले पुढे असतात, आणि दुसऱ्या वर्षी निम्मा ढीग गळतो. म्हणून जाणकार नूतनीकरणाचा दर बघतात. ग्राहकासाठी धडा साधा आहे: पहिल्या वर्षाची जाहिरात न बघता दुसऱ्या वर्षाचा दर विचारा, आणि धंद्याचं नाव असेल तर ३ ते ५ वर्षांचे पैसे एकदम भरा.

कोणी तुमच्या ग्राहकाच्या दुकानाचं नाव आधीच अडवून बसलं असेल तर त्यासाठी आयएनडीआरपी हे वेगळं धोरण आहे. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर वैध हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने झाला आहे. यातला 'किंवा' फार कामाचा आहे. डॉट कॉमच्या नियमात नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं सिद्ध करावं लागतं, इथे एक पुरतं. १९९६ च्या लवाद कायद्याखाली एकच लवाद नेमला जातो आणि निकाल सहसा ६० दिवसांत येतो. नाव तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

आता डॉट भारत. देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि मराठी त्याच्या पहिल्या भाषांपैकी एक होती. आज भारताकडे अशी १५ स्थानिक लिपींतली नावं आहेत, २२ अनुसूचित भाषांसाठी. डीएनएस आतून अजूनही रोमन अक्षरंच ओळखतं, म्हणून ब्राउझर देवनागरी नाव प्युनिकोडमध्ये बदलून विचारतो. त्याची सुरुवात 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी होते. एका भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे ती या बदललेल्या रूपाला लागू होते, त्यामुळे लांबलचक देवनागरी नाव अनपेक्षितपणे नाकारलं जातं. छोटं ठेवा.

टाइप करण्यातले घोळ मात्र मराठीचे खास आहेत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, पण बरेच कीबोर्ड 'अ' लिहून वर चंद्र लावतात, आणि हिंदी कीबोर्डवर त्याच जागी 'ऍ' मिळतं. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, यंत्रासाठी ती तीन वेगळी नावं आहेत. 'ॲग्रो' किंवा 'ॲड' असलेलं नाव छापील पाटीवर ठीक, डोमेनमध्ये धोक्याचं. 'सोन्याच्या' मधला साधा जोडाक्षरी 'न्य' चालतो, पण 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला आडवा 'र' दोन प्रकारे टाइप होतो आणि एका प्रकारात न दिसणारा जोडक शिरतो. असे शब्द टाळलेलेच बरे. नागपुरात आणखी एक गोष्ट आहे. मराठी पाटीवर 'नागपूर' आणि इतवारीतल्या हिंदी पाटीवर 'नागपुर', दोन्ही रोज दिसतात. नावात शहर घालायचं असेल तर दोन्ही ऊकारांची नावं घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा, नाहीतर अर्धं गिऱ्हाईक चुकीच्या दारात जाईल.

डॉट भारत घ्यावं का, याला माझं उत्तर हो आहे, पण डॉट इनच्या जोडीने. साइट डॉट इनवर ठेवा, डॉट भारत तिकडे वळवा, आणि पाटीवर, पिशवीवर, पावतीवर देवनागरी नाव छापा. मराठीत लिहिलेलं वाचून टाइप करणारा माणूस स्पेलिंग चुकत नाही. ईमेलसाठी मात्र आज डॉट भारतवर विसंबू नका. अनेक बँकांचे, सरकारी पोर्टलचे फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता 'चुकीचा' म्हणून परत पाठवतात, आणि काही मेल सर्व्हर तो घेतच नाहीत. रजिस्ट्रीच्या नोंदीतला ईमेल तर साधा, रोमन, ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर उघडणारा असावा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडलं की नूतनीकरणाची सूचनाही त्याच बंद पेटीत जाते.